आमचा गड आणि बेट्टदपुरच्या गारा

"सुभद्रे, मी इथंच मरते. तू गड घेऊन खाली जा," असं म्हणून गंगक्का पायरीवर बसली.

गारा लिंबाएवढ्या पडत होत्या. अतिशयोक्ती नाही, काही लिंबं लहान असतात. बेट्टदपुरच्या डोंगरावर आम्ही निम्म्या वाटेत होतो. वरचं देऊळ दिसत नव्हतं, खालचं गाव दिसत नव्हतं. छत्री एकच आणली होती, ती वाऱ्याने उलटी होऊन झुडपांत गेली. गंगक्काचे ओठ निळे, हात छातीवर, वय एक्याऐंशी.

"मरायचं तर खाली उतरून मरा," मी म्हटलं. "इथून उचलायला चार माणसं कुठून आणू?"

ती उत्तराला उत्तर देईल असं वाटलं होतं. दिलं नाही. पन्नास वर्षं मी या नणंदेबरोबर एका घरात राहते, आणि तिने उत्तर दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. तेव्हा मात्र मी घाबरले. पिशवीतून गडाचं चित्र काढलं आणि चौकटीसकट तिच्या डोक्यावर आडवं धरलं. तिसऱ्या की चौथ्या गारेला काच फुटली.

काचेच्या आवाजाने गंगक्काने डोळे उघडले. वर पाहिलं.

"गड डोक्यावर धरलास?" ती म्हणाली. "छत्रीसारखा?"

तिला राग आला म्हणजे ती अजून आहे, एवढं मला कळलं. पण उठून चालायची ताकद तिच्यात नव्हती, आणि आमच्या दोघींशिवाय त्या पायऱ्यांवर कुणी नव्हतं.

दोन म्हाताऱ्या आणि एक चित्र तिथे कशाला गेलो होतो, ते आता सांगते.

चित्राचं काम

आमचं घर मैसुरातल्या शिंप्यांचं. आमचे लोक केव्हातरी महाराष्ट्रातून खाली आले. कात्री आणली, विठ्ठल आणला, आडनाव वाटेत कुठेतरी सांडलं. मैसुरात येऊन सगळेच राव झाले. म्हणून आमच्यात लग्न जमवताना मोठी माणसं आधी एकच विचारतात, मूळ गाव कुठलं? दोन्ही घरांचं मूळ एक निघालं तर ते भाऊबंद. मग पोरगा-पोरगी भाऊबहीण, आणि लग्न नाही.

आमच्या घरी या प्रश्नाला उत्तर म्हणून चित्र दाखवतात. काळ्या शाईचं, हातभर रुंद, बारीक बारीक रेघांचं. एक मोडका गड आहे. उंच बुरूज, वरपासून खालपर्यंत फुटलेला. भिंतींवर वेल. पुढे तळं, तळ्यात गाई. काठावर काठी घेतलेला एक बाप्या आणि डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई. माझे सासरे म्हणायचे, हा आमच्या गावाकडचा गड. बाप्याच्या डोक्यावर टोपी आहे, तिला मामंजी पागोटं म्हणायचे. दसऱ्याला कात्री, गज आणि मशीन यांच्याबरोबर चित्रालाही हळदकुंकू. घरात सून आली की आधी त्याला नमस्कार. आणि एक नियम, चौकट कधी उघडायची नाही.

मी सून म्हणून आले तेव्हा नमस्कार करताना म्हटलं होतं, "ह्या बाईचा पदर नाही हा. शिवलेलं आहे. गळ्याशी चुण्या आहेत बघा, लहान पोराच्या कुंचीसारख्या." सासूबाई म्हणाल्या, "आल्या आल्या तोंड उघडू नकोस." मी बंद केलं. पण चुण्या चुण्याच असतात.

आता माझी नात अश्विनी बेंगळूरला नोकरी करते. तिथेच तिने प्रसन्न नावाचा मुलगा पसंत केला. आमच्यातलाच निघाला, टी. नरसीपूरच्या कापडदुकानवाल्यांचा. सगळे खूश. मुलाचे आजोबा शंकरराव घर बघायला आले, चित्रापुढे उभे राहिले आणि खूप वेळ उभे राहिले.

"गडाचं नाव काय?" त्यांनी विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं.

"आमच्याही घरी गडाचं चित्र आहे. त्याचाही बुरूज फुटलेला आहे," ते म्हणाले. "नाव कळवा. मग पुढचं बोलू."

अश्विनी आत जाऊन रडली. माझ्या मुलाने, मोहनने, फोनने चित्राचा फोटो काढला. म्हणाला, फोन सांगतो कुठलं ते. काच चमकत होती, फोटोत मोहनचंच तोंड आलं. काच काढू या म्हटलं तर गंगक्का चौकटीसमोर आडवी उभी.

शेवटी तोडगाही तिनेच काढला. मामंजी म्हणायचे, बुरजावर वीज पडली होती. आणि वीज पडणारा डोंगर म्हणून आमच्या भागात बेट्टदपुर प्रसिद्ध. तिथल्या मल्लिकार्जुनाला लोक विजेचा देव म्हणूनच ओळखतात. "म्हणजे आपले लोक वाटेत तिथे राहिले असणार," गंगक्का म्हणाली. "गड तिथेच आहे. बघून येऊ."

मला हे पटलं नव्हतं. पण तिला एकटीला पाठवणं शक्य नव्हतं, आणि बस बायकांना फुकट आहे.

बेट्टदपुर

पहाटेच्या बसने निघालो. कंडक्टरने आमची आधार कार्डं पाहिली, बिनपैशाची दोन तिकिटं फाडली आणि मांडीवरच्या चौकटीकडे बोट केलं.

"अज्जी, तुम्हाला फुकट. पण हा फोटो? पुरुष असेल तर तिकीट लागेल."

"बाईच आहे," मी म्हटलं. "बघ, तळ्याकाठी उभी आहे."

त्याने वाकून पाहिलं. "तिच्या शेजारी गडी आहे की."

"तो पुढच्या स्टॉपला उतरतो."

बसमधल्या बायका हसल्या. कंडक्टरही हसला आणि पुढे गेला. गंगक्का हसली नाही. डोंगर चढून होईपर्यंत पाणीही घ्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि ते तिने मला सांगितलं नव्हतं.

हुणसूरच्या पुढे दोन्ही बाजूंना तंबाखूच्या रोपांचे वाफे आणि तंबाखू भाजायची उंच, बिनखिडक्यांची घरं. एका पडक्या भट्टीकडे बघून गंगक्का उठायला लागली. "बुरूज!" मी तिला पदर धरून खाली बसवलं.

बेट्टदपुरला उतरल्यावर मला भूक लागली. एका बाईच्या खोपट्यात तांदळाची रोट्टी आणि कारळ्याची चटणी मिळाली. कारळ्याची चटणी आमच्या घरी कोरडी करतात, तिथे ओली, हिरवी मिरची वाटून. मी तीन रोट्ट्या खाल्ल्या. गंगक्का म्हणाली, मला नको. वर लवकर जायचं सोडून तासभर तिथे बसलो, ते माझ्या रोट्टीपायी. ऊन चढल्यावर पायऱ्या धरल्या. पायऱ्या तीन हजारांवर आहेत म्हणतात. मी मोजल्या नाहीत. गुडघ्यांनी मोजल्या असतील.

दर वीस पायऱ्यांनी गंगक्का थांबायची, चित्र काढायला लावायची आणि डोंगराशी ताडून बघायची. "हा दगड तोच." "ह्या वळणावर गाई असणार." डोंगरावर एक गाय दिसेना. दुपार कलली तसं आभाळ एका बाजूने काळं झालं, आणि मग पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे.

गारांतून एक बाई आली. डोक्यावर कांबळी, मागे शेळ्या, काखेत एक करडू. नाव केंपम्मा, हे नंतर कळलं. तिने विचारलं काहीच नाही. गंगक्काचा एक हात स्वतःच्या खांद्यावर घेतला, दुसरा मला दिला, आणि आम्हाला ओढत एका कपारीत नेलं. गंगक्काच्या मांडीवर करडू ठेवलं, ऊब यावी म्हणून. मग तिच्या तोंडाकडे बघून मला म्हणाली, "अय्यो, हिने खाल्लं आहे का काही?"

तेव्हा मला कळलं. साखरेच्या दुखण्याची गोळी सकाळी घेतलेली, आणि पोटात अन्न नाही. केंपम्माने कनवटीचा गूळ काढून तिच्या तोंडात कोंबला. मी तळपाय चोळत राहिले. गंगक्काची मान एका बाजूला गेली होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग गंगक्का म्हणाली, "हे करडू माझी साडी खातंय."

खरंच खात होतं. मी खाऊ दिली.

गारा थांबल्यावर केंपम्माला चित्र दाखवलं. तिने चौकट जवळ घेतली, लांब धरली.

"हा आमचा बेट्ट नाही," ती डोंगराकडे हात करून म्हणाली. "वर देऊळ आहे, मंडप आहे. असा फुटका बुरूज नाही. आणि ह्या गाई बघ. असल्या गाई असलं गवत खाऊन होतात. असलं गवत मी जन्मात बघितलेलं नाही."

गंगक्काने खालूनच देवळाच्या दिशेने हात जोडले. केंपम्माने आम्हाला बसपर्यंत सोडलं, आणि नंबर दे म्हणाली, म्हातारी घरी पोचली का ते कळलं पाहिजे. मी पैसे पुढे केले. ती म्हणाली, "साकु, साकु, पुरे. साडी करडाने खाल्ली आहे."

बसमध्ये मी चौकट मांडीवर घेऊन काचेचे तुकडे वेचत होते. मागचा पुठ्ठा भिजून आपोआप सुटला. चित्राभोवतीची जाड कागदाची पट्टी सरकली आणि खाली, इतकी वर्षं झाकलेली, इंग्रजी अक्षरांची एक ओळ दिसली. मला इंग्रजी येत नाही. पण डाव्या कडेला दुसरं काही दिसलं, ते मला येतं. सुईची भोकं. सारख्या अंतरावर चार.

"अक्का," मी म्हटलं, "हा कागद कुठूनतरी उसवलेला आहे."

सरस्वतीपुरम

डॉक्टरने गंगक्काला दोन दिवस झोपवून ठेवलं आणि मला चार शब्द सुनावले. तिसऱ्या दिवशी सिटी बसने सरस्वतीपुरमला गेलो. तिथे लीला टीचर राहतात. शाळेत इतिहास शिकवायच्या, आता पेन्शनीत आहेत. त्यांचे सगळे ब्लाउज मी शिवलेले, म्हणून विचारायचा हक्क होता.

कॉफी झाली. टीचरने भिंग आणलं, ओळ वाचली, मग टॅबवर काहीतरी शोधत बसल्या. गंगक्काने दोन्ही हात चित्रावर ठेवले होते.

"सुभद्राबाई, हा गड आयर्लंडचा आहे," टीचर म्हणाल्या. "गावाचं नाव किलवारन."

"ते महाराष्ट्रात कुठे येतं?" गंगक्काने विचारलं.

"येत नाही. इंग्लंडच्या पलीकडे, समुद्रात बेट आहे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. कुणा सरदाराच्या घराण्याने नदीकाठी हा गड बांधला. तळं वाटतं ती नदीच, वळणावर रुंद झालेली. पुढे इंग्रजांची फौज तोफा घेऊन आली तेव्हा सरदार मेलेला होता. त्याच्या बायकोने दारं लावून घेतली आणि पंधरवडाभर गड धरला. धान्य संपलं तेव्हा आतल्या माणसांचे जीव वाचवायची अट घालून तिने दार उघडलं. फौजेने जाताना बुरुजात दारू ठासून उडवली. वीजबीज काही पडली नव्हती. त्यानंतर कुणी राहिलं नाही. गावकऱ्यांनी दगड नेऊन गोठे बांधले. मला ते बरोबर वाटलं. दगड पडून राहण्यापेक्षा गाईच्या कामी आले. मग खूप वर्षांनी शहरातले हौशी लोक मोडके गड बघत हिंडायला लागले. एकाने समोर बसून चित्र काढलं, दुसऱ्याने ते धातूच्या पत्र्यावर रेघ रेघ कोरलं, पत्र्याला शाई लावून कागदावर दाबलं आणि पुस्तकात शिवलं. एका पत्र्यावर शेकडो चित्रं निघायची.

"म्हणजे हे एकच नाही?" गंगक्का म्हणाली.

"शेकडो घरांत असेल. आणि ही बाई आहे ना, हा पदर नाही. तिथल्या गरीब बायका असा टोपडं जोडलेला झगा घालायच्या."

"चुण्या," मी म्हटलं. पन्नास वर्षांनी म्हटलं. फार बरं वाटलं.

चित्र आमच्याकडे कसं आलं ते मला ठाऊक होतं, पण देणाऱ्याने आमच्याच मुलखातला गड दिला असं आम्ही धरून चाललो होतो. मामंजी एका गोऱ्या पाद्र्याचे झगे शिवायचे. तो कायमचा घरी जायला निघाला तेव्हा आठवण म्हणून चित्र देऊन गेला. मामंजी खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. कुणी विचारलं तेव्हा 'गावाकडचा गड' एवढंच म्हणाले असतील. कुणाच्या गावाकडचा, हे घरात कुणी विचारलं नाही.

गंगक्काने फुटक्या बुरजावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "त्या बाईने पंधरा दिवस दार लावून धरलं?"

"हो."

"मग आपल्यातली नाही असं कसं म्हणता?"

खरी पंचाईत बाहेर रस्त्यावर आल्यावर सुरू झाली. गंगक्काचं म्हणणं, शंकररावांना महाराष्ट्रातल्या कुठल्यातरी गडाचं नाव ठोकून द्यावं. कोण बघायला जातंय? अश्विनीला फोन लावला. ती म्हणाली, "अज्जी, काय पण सांग. फक्त ओके करून ये. प्लीज."

"आणि आपण जे नाव ठोकू तेच त्यांचं निघालं तर?" मी गंगक्काला विचारलं. "आपल्याच तोंडाने पोरीला पोराची बहीण करून येऊ."

तिने चित्र काखेत घट्ट धरलं आणि बसस्टॉपकडे चालू लागली.

टी. नरसीपूर

चित्र बिनकाचेचं, जुन्या धोतरात गुंडाळून नेलं. शंकररावांचं घर नदीजवळ. दोन नद्या तिथे मिळतात. कुठली कुठली ते पाण्याच्या रंगावरून कळतं असं ते म्हणाले, मला दोन्ही सारख्याच दिसल्या. जेवायला ओब्बट्टू होता, म्हणजे आपली पुरणपोळी, पण इकडे चपटी, पातळ आणि तुरीच्या डाळीची. गंगक्काने तीन खाल्ल्या. तिने नीट खाल्लं का यावर आता मी पहारा ठेवते.

जेवण झाल्यावर शंकरराव पान लावत म्हणाले, "हं. नाव?"

गंगक्काने माझा हात दाबला. मी सगळं सांगितलं. बेट्टदपुर, गारा, भोकं, टीचर, पाद्री, किलवारन.

शंकररावांची सून दारात थाळी घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"म्हणजे तुमचं मूळ गाव तुम्हाला माहीत नाही," शंकरराव म्हणाले.

"नाही."

"तीन पिढ्या गोऱ्या लोकांच्या गडाला हळदकुंकू लावलंत."

"लावलं. गड वाईट नाही."

"आणि हे मला सांगायला आलात?"

"तुम्ही नाव विचारलंत. नाव हे. आता भाऊबंद निघायची भीती असेल तर सांगा, तुमचे कुणी आयर्लंडला आहेत का."

त्यांनी पान तोंडात घातलं नाही, खाली ठेवलं. चित्र मागून घेतलं आणि भिंतीजवळ गेले. तिथे त्यांचा गड टांगलेला होता, हार घातलेला, काच धुराने पिवळी. आम्हीही उठलो. बुरूज खरंच फुटलेला होता. पण त्याच्या बाजूला मला खजुराची दोन झाडं दिसली. आणि झाडांखाली एक जनावर, लांब मानेचं, पाठीला उंचवटा असलेलं.

शंकररावही तिकडेच बघत होते.

"घोडा आहे," ते म्हणाले.

"असेल," मी म्हटलं. मला सोयरीक हवी होती.

गंगक्काला गप्प बसवेना. "टीचरला दाखवू या का? भिंगाने लगेच कळतं. फक्त चौकट..."

"चौकट उघडायची नाही!" शंकरराव ओरडले. मग त्यांच्याच लक्षात आलं की ते ओरडले. हसायला लागले, इतके की सुनेने पाणी आणलं. पाणी पिऊन तिला म्हणाले, "साखर आण गं. एक गोष्ट नक्की, ह्यांचा आणि आमचा गड एक नाही."

लग्न ठरलं. अश्विनीला फोनवर सांगितलं तर ती पुन्हा रडली. या पोरींचं मला कळत नाही. चित्राला नवी काच बसवली, आणि या वेळी खालची इंग्रजी ओळ दिसेल अशी. गंगक्का म्हणते, या दसऱ्यालाही हळदकुंकू लावायचं, त्या दार लावून धरणाऱ्या बाईसाठी. लावू.

लग्नाला केंपम्मा आली होती, नवी साडी नेसून. तिने माझ्याकडे बघून आधी विचारलं ते म्हातारीचं, आणि मी विचारलं ते करडाचं. ते आता मोठं झालं आहे, दोरी सोडून सगळं खातं. त्या दुपारी बेट्टदपुरच्या त्या कपारीत गंगक्का, मी, केंपम्मा आणि ते करडू असे चौघं होतो. चौघंही जिवंत आहोत.